सिदूमामांचं लर्निंग लायसन

सिदूमामांच्या लायसनची मुदत संपून चार वर्षं झाली होती आणि त्यांच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. तारीख छापलेली होती त्या जागेवर हळद होती. दर दसऱ्याला कोंडामामी जीपची पूजा करायच्या. स्टेअरिंगला बोट, चारी चाकांना बोट आणि शेवटी लायसनला. पुढं जीप विकली गेली तेव्हा पूजेला लायसनच तेवढं उरलं. मग ते देव्हाऱ्यात गेलं आणि सगळी बोटं त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली. माझ्या दुकानात मामांनी ते फडक्यातून सोडून टेबलावर ठेवलं, तेव्हा मला आधी ती भंडाऱ्याची पुडीच वाटली.

माझं दुकान लोहाऱ्यात बसस्टँडच्या मागं आहे. ऑनलाइन फॉर्म भरून देते मी. लोकांना वाटतं, उमादेवी पंख्याखाली बसून नुसती बटणं दाबते. त्यांना म्हणावं एक दिवस बसून बघा. अंगठा उमटत नाही. ओटीपी येतो तो मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला असतो. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि माणूस तिसऱ्याच नावाला ओ देतो. दिवसभरात मी इतकी ओरडते की माझा नवरा मल्लेश म्हणतो, दुकानावर तशी पाटीच लावू या.

सिदूमामांवर मात्र मला ओरडता येत नाही. बावीस वर्षांपूर्वी माकणीच्या अलीकडच्या आमच्या गावातून मी नवरी होऊन लोहाऱ्याला आले, ती त्यांच्याच जीपमधून. गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी हात वर करून आतला आरसा छताकडं फिरवला आणि म्हणाले, "अक्का, आता मागचं मला काय बी दिसत न्हाय. रडायचं तितकं रडून घ्या." लोहारा येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी मन भरून रडले. आज त्यांच्याहून मी पंधरा वर्षांनी लहान असूनही ते मला अक्का आणि तुमी म्हणतात. तू म्हणा म्हणून सांगून मी थकले.

मामा आमच्याच गावचे, मेंढपाळाच्या घरातले. त्यांच्या आधीच्या सगळ्या पिढ्या पायी चालल्या. दिवाळी झाली की मेंढरं पुढं, घोड्यावर संसार, आणि पाऊस परत बोलावील तोवर रानोमाळ. सिदू तेवढा वेगळा निघाला. मेंढरं राखता राखता तो रस्त्याच्या कडेला बसायचा आणि जाणाऱ्या ट्रककडं बघत राहायचा. शेवटी बापानं एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून त्याला क्लीनर म्हणून चिकटवला. पाच-सहा वर्षांनी लायसन निघालं. त्यावरचा फोटो हा त्या घराण्यातला पहिला फोटो. त्याआधी त्या घरातल्या कुणाचाच चेहरा कागदावर उमटलेला नव्हता. म्हातारा ते लायसन हातात घेऊन झाडाखाली तासभर बसला होता आणि मेंढरं तेवढ्यात दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली, असं मामा अजून हसत सांगतात.

मग पंचवीस वर्षं लोहारा ते माकणी काळीपिवळी जीप. आणि लग्नसराईत आजूबाजूच्या गावांतल्या नवऱ्या. पाठवणीला सिदूचीच गाडी पाहिजे, असं बायका हट्टानं सांगायच्या. खड्डा आला तर ते नवरीच्या बाजूचं चाक चुकवतात, अशी त्यांची ख्याती. लॉकडाउनमध्ये स्टँड बंद पडला, जीप गेली, आणि मामा माणूस म्हणून उरले पण ड्रायव्हर म्हणून कुठं दिसेनासे झाले. कोंडामामी म्हणायच्या, झोपेत त्यांचा डावा पाय हलतो, क्लच दाबल्यासारखा.

तर त्या दिवशी दोघं नवराबायको माझ्यासमोर बसले होते. मामांनी घसा साफ केला. "करिश्माचं लगीन ठरलं. येडशीचं पोरगं हाय, प्रेम म्हून. चाळीस दिस राह्यले. मला गाडी चालवायची हाय."

"लग्नात तुम्ही कशाला गाडी चालवता?" मी म्हटलं. "मुलीचे बाप तुम्ही. मांडवात बसा, आहेर घ्या."

"पाठवणीची गाडी म्हंतो म्या."

आमच्याकडं पाठवणीला आईबाप जात नाहीत. एखादी मावशी पाठराखीण म्हणून जाते, भाऊ असला तर भाऊ जातो. बाप मांडवाच्या दारात उभा राहतो, गाडी धुळीत दिसेनाशी झाली की मागं फिरतो आणि उगाचच खुर्च्या मोजायला लागतो. दर लग्नात मी हे बघत आलेय.

"इतक्या जनांच्या लेकी नेऊन सोडल्या म्या," मामा म्हणाले. "माझी लेक दुसऱ्यानं न्यावी म्हंजे कसं व्हावं? बाप म्हून जाता येत न्हाय, ठाऊक हाय मला. पर डायवरला कोन अडिवतंय? डायवर तर जातोच की."

मी ओलं फडकं घेऊन लायसनवरची हळद पुसायला लागले. थरावर थर होते. खाली आधी मामांची मिशी दिसली, मग नाव, मग तारीख. मी ती दोनदा वाचली.

"मामा, हे संपलंय. चार वर्षं झाली."

मामांच्या आधी कोंडामामीच बोलल्या. "देवाम्होरं ठिवल्याली वस्तू बी संपती व्हय?"

वर्षाच्या वर उशीर झाला की साधं नूतनीकरण होत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पुन्हा लर्निंग काढायचं, तीस दिवस थांबायचं, मग धाराशिवला जाऊन चाचणी द्यायची. सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट. चाळीस दिवसांत बसत होतं, पण जेमतेम. मामांचं तोंड इतकंसं झालं. मग मी जे बोलायला नको होतं ते बोलले. म्हटलं, "नवरीच्या गाडीला कोण अडवतंय मामा? तशीच चालवा."

मामा माझ्याकडं असे बघत राहिले, जशी मीच मेंढरं दुसऱ्याच्या ज्वारीत घातली. "पंचवीस वरीस कुनी इचारलं न्हाय अक्का. पर खिशात व्हतं म्हून चालवली. आता लेक बसल्यावर बिगर लायसनची चालवू?"

मी फॉर्म उघडला.

लर्निंगची परीक्षा माझ्याच दुकानात, कॉम्प्युटरवर झाली. कॅमेरा तोंडाकडं बघत असतो, इकडंतिकडं मान वळवायची नाही, बोलायचं नाही. मामा टोपी काढून ताठ बसले. खुणा त्यांना पाठ होत्या. पुढं प्रश्न आला, समोरून जनावरांचा कळप येत असेल तर चालकानं काय करावं. मामा एकदम खुलले. "अक्का, ह्येच्यात उतरून मेंढराला वाट दावायचा परयाय न्हाय का?" मी कॅमेऱ्याच्या पलीकडून हातवारे करून त्यांना गप्प केलं. पास झाले. लर्निंगचा कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा त्यांनी तो ऊन ऊन असतानाच छातीला लावला. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस शिकाऊ झाला आणि त्याचा त्याला केवढा आनंद.

गाडी माझीच दिली, जुनी बोलेरो. लर्निंगवाल्याच्या शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस बसावं लागतं. ते करिश्माकडं होतं. लोहाऱ्यातल्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स आहे. जीप होती तेव्हाच मामांनी तिला चालवायला शिकवून एकोणिसाव्या वर्षी लायसन काढायला लावलं होतं. आता उलटं झालं. संध्याकाळी ड्यूटी संपली की ती डावीकडं बसायची आणि बापाला शिकवायची. आणि सरावाला जागा कुठली, तर धरणाचं पोट.

उन्हाळ्यात माकणीच्या धरणाचं पाणी मागं सरतं. गेल्या वर्षी ते फारच मागं गेलं होतं. पाणी गेलं की खालून आमचं जुनं गाव वर येतं. गाव म्हणजे काय, जोत्यांचे दगड, चिंचेचं एक बुडखं, आणि जुना डांबरी रस्ता. तो रस्ता पाण्यातून निघतो, थोडा वेळ उन्हात चालतो आणि पुन्हा पाण्यात शिरतो. मी लहान होते तेव्हा त्यावरून एसटी यायची. आता त्यावर बगळे उभे असतात आणि वाळलेल्या शिंपल्यांचा चुरा पडलेला असतो. बाजूचा गाळ भेगाळून इतका सपाट झालेला, की चाचणीच्या मैदानाला सुद्धा इतकी मोकळी जागा मिळायची नाही.

मामांनी चुन्याच्या फक्कीनं तिथं, चाचणीत गाडी फिरवावी लागते तसा, भला मोठा आठचा आकडा आखला. एक फेर चिंचेच्या बुडख्याभोवती, दुसरा बिरुबा देवाच्या चौथऱ्याभोवती. गाव उठलं तेव्हा बिरुबाला वर काठावर नेलं होतं, पण चौथरा खालीच राहिला. मी दुकान बंद करून काठावर जाऊन बसायची. गाडी माझी, काळजी माझी, असं मी मल्लेशला सांगायची. खरं म्हणजे मला ते बघायला आवडत होतं.

ऊन कललं की पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं व्हायचं आणि त्यांच्यामध्ये माझी बोलेरो आठच्या आकड्यात फिरत राहायची. आवाज फार हळू यायचा. धूळ उठायची, पण ती खाली बसायची विसरून जायची. मामा पस्तीस वर्षांपूर्वीच्या गल्ल्यांतून गाडी हाकत होते. मोकळ्या गाळात मध्येच ब्रेक दाबायचे. "आबा, का थांबला?" करिश्मा विचारायची. "चावडी हाय हितं. मानसं बसल्याली असत्यात." तिचा जन्म पाणी आल्यानंतरचा. तिनं ते गाव पाहिलेलंच नाही. पण आठ दिवसांत तीही म्हणायला लागली, "चावडी आली आबा, सेकंड टाका." काठावर बसून मला झोप आणि जाग यांच्यामधलं काहीतरी व्हायचं. वाटायचं, आता जोत्यावरून माझी आजी उठेल आणि गाडीच्या मागं लागलेल्या कोंबड्या हुसकावील. एकदा मी चक्क आमच्या घराच्या जागेवर जाऊन उभी राहिले. मामांनी मला बघून इंडिकेटर दिला आणि वळून गेले, जणू मी दारात उभी आहे.

चौथऱ्यापाशी आलं की मामा दोन्ही हात जोडायचे. करिश्माही जोडायची. गाडी तेवढ्या वेळात आपली आपण जायची, गाळात तिला अडवणारं कोण होतं? यात कुणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं, काठावरून मीही हात जोडत होते.

लग्नाच्या सहा दिवस आधी चाचणी होती. आम्ही पहाटेच धाराशिवला निघालो. गाडी मी चालवली, मामा शेजारी. रांगेत सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, मोबाइलमध्ये माना घालून उभी. त्यांच्यात धोतर, पटका आणि पांढरी मिशी. एका पोरानं विचारलं, "काका, नातवासाठी आलाय का?" मामा म्हणाले, "न्हाय, लेकीसाठी." पोराला काही कळलं नाही.

नंबर आला. मामांनी चपला सुरुवातीच्या रेषेवर काढून ठेवल्या. जीपमध्येही ते कधी चपला घालून बसले नव्हते. साहेब तरुण होते, हातात पाटी आणि कागद. मामांनी गाडी अशी उचलली, की मला बाजूला उभं राहून अभिमान वाटला. आठचा पहिला फेर नुसता तेलासारखा. रांगेतली पोरं मोबाइल खाली करून बघायला लागली. दुसऱ्या फेराच्या वळणावर मामांचे दोन्ही हात स्टेअरिंगवरून उठले, छातीपाशी जुळले आणि मान खाली गेली. गाडी हातभर सरळ गेली आणि चाक कडेच्या पट्ट्यावर चढलं.

साहेबांनी शिट्टी वाजवली आणि चालत गाडीपाशी गेले. मीही पळाले.

"काका, हात का सोडले?"

"पाया पडलो साहेब."

"कुणाच्या?"

"बिरुबाच्या."

साहेबांनी वळणाकडं बघितलं. तिथं पांढरा रंग दिलेला एक टायर आणि वाळकं गवत होतं. "कुठं आहे बिरुबा?"

"धरणात हाय," मामा म्हणाले.

माणूस चांगला होता. हसला नाही. "काका, गाडी तुम्हाला माझ्याहून चांगली येते. पण चाचणीत दोन्ही हात सुटले की मला नापासच लिहावं लागतं. रस्त्यावर समोर पोर आलं असतं तर?"

"बराबर हाय साहेब. लिवा," मामा म्हणाले, आणि जाऊन चपला घातल्या.

पुढची तारीख मिळाली ती लग्नानंतर तीन दिवसांनी. परतीच्या वाटेवर मी तोंडाला येईल ते बोलले. बावीस वर्षं न ओरडल्याचं सगळं त्या दिवशी बाहेर आलं. महिनाभर माझी गाडी फिरवलीत, माझं डिझेल गेलं ते जाऊ द्या, माझ्या संध्याकाळी गेल्या, आणि ऐन वेळेला देवाला नमस्कार! देव काय पळून चालला होता? मामा खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "चुकलं अक्का. पर हात जोडायचं म्या ठरिवलं नव्हतं. वळान आलं आन् हात गेलं." मग मलाच रडू यायला लागलं, म्हणून मी ओरडणं बंद केलं.

ठरलं ते असं, की गाडी माझीच न्यायची आणि मल्लेशनं चालवायची. मामांनी होकार दिला, पुन्हा तो विषय काढला नाही. घरी गेल्यावर करिश्मानं त्यांना ताट वाढलं आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. हे कोंडामामींनी मला नंतर सांगितलं.

लग्न दुपारचं होतं. ऊन रणरणत होतं, पण मांडवात सगळं कसं पाण्याखालून बघितल्यासारखं वाटत होतं, हिरव्या कापडातून आलेला उजेड प्रत्येकाच्या तोंडावर हलत होता. मामा पटका बांधून फिरत होते. वाढप्यांना सांगत होते, व्याह्यांना पाणी देत होते. माझ्या गाडीजवळून मात्र जात नव्हते, लांबचा वळसा घेत होते. मी ते बघितलं आणि मला फार वाईट वाटलं.

चारच्या सुमाराला पाठवणी निघाली. करिश्मा आईच्या गळ्यात पडली, मावशीच्या पडली, माझ्या पडली. मामा दाराशी उभे होते, त्यांच्या पायाशी वाकली तेव्हा त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला. गाडी हारांनी झाकलेली, मल्लेश स्टेअरिंगवर. मागचं दार उघडून प्रेम आत बसला, पाठराखीण म्हणून मावशी बसली. परतीला मल्लेशच्या सोबतीला म्हणून मीही जाणार होते, मीही चढले. नवरीसाठी जागा ठेवली होती.

नवरी तिकडं आलीच नाही. ती शालू सावरत गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेली. "मल्लेशदादा, उतरा जरा." मल्लेश उतरला. नवरीला नाही कोण म्हणणार? मग तिनं मांडवाच्या दाराकडं हाक मारली. "आबा, या. बसा."

सगळीकडं कुजबुज सुरू झाली. भावकीतले एक म्हातारे पुढं आले. "आगं येडी का खुळी तू? पाठवनीला बाप जातो व्हय?"

"बाप कुठं जातोय? डायवर जातोय," करिश्मा म्हणाली. "आन् डायवर लर्निंगवर हाय. शेजारी लायसनवालं मानूस लागतं. म्या हाय लायसनवाली. माझी पर्स कुठाय? त्याच्यात हाय लायसन."

म्हाताऱ्यांनी मामांकडं बघितलं. मामांनी कोंडामामींकडं. मामी पदर तोंडाला लावून रडत होत्या, पण मान हलवून त्यांनी जा म्हटलं. मागच्या सीटवरून प्रेम हळूच बोलला, "बसा की मामा. ऊन लागतंय." त्या एका वाक्यानं मला तो जावई आवडला. मल्लेशनं पुढचा एक हार बाजूला सारला आणि हसायला लागला. हाराखाली लाल कागदाचा एल कापून चिकटवलेला होता. त्यानं मागं जाऊन बघितलं तर मागच्या काचेवरही एल. नवरीनं हळद उतरवून सकाळीच ते काम उरकलं होतं.

मामांनी चपला काढल्या आणि गाडीत बसले.

तो प्रवास मी जन्मभर विसरणार नाही, आणि सांगायला गेलं तर त्यात काहीच घडलं नाही. नवरी मुंडावळ्या मागं सारून पुढं बसलेली, पर्स मांडीवर. नवरदेव मागं आमच्यामध्ये अंग चोरून. येडशीपर्यंत बापलेक एकमेकांशी जे काही बोलले ते सगळं गाडीचं.

"थर्ड टाका आबा."

"टाकला."

"म्होरं बैलगाडी हाय."

"दिसली."

"मंग हळू घ्या की."

"हळूच हाय. ह्येच्याहून हळू म्हंजी ढकलावं लागंल."

रस्ता रिकामा होता. नांगरलेली रानं, मध्येच एखादं निंबाचं झाड, लांब कुठंतरी वावटळ आपल्याशीच फिरत होती. धाराशिव मागं पडलं तेव्हा ऊन सोनेरी झालं होतं. पुढं येडशीच्या जंगलाचा वास आत यायला लागला, पानगळीचा, तापलेल्या दगडांचा. मामा तिथं इतकी हळू चालवायला लागले की सायकलवाला पुढं निघून गेला. करिश्मासुद्धा थर्ड टाका म्हणाली नाही. माझ्या शेजारी मावशीला झोप लागली होती, प्रेम डोळे मिटून बसला होता, आणि मला वाटत होतं, हा रस्ता कुठं पोचतच नाही, असाच झाडांमधून चालत राहतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

पण येडशी आली. रेल्वे स्टेशनच्या अलीकडं घर, दारात तोरण, बायका ताट घेऊन उभ्या. करिश्मानं उतरायच्या आधी मुंडावळ्या पुढं घेतल्या. भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. व्याही मामांना आत न्यायला आले, हाताला धरून ओढायला लागले. मामा गाडीला टेकून उभे राहिले. "म्या डायवर हाय. डायवर हितंच थांबतो." मग रीतीप्रमाणं त्यांना ड्रायव्हरचा मान दिला, टॉवेल, टोपी आणि नारळ. मामांनी तो वाकून घेतला, अगदी परक्या माणसासारखा.

उंबऱ्यावर माप ठेवलं होतं. करिश्मानं पाय उचलला आणि तसाच ठेवून मागं वळली. "आबा, ह्यांडब्रेक लावला का?"

बायका हसायला लागल्या. मामांनी मान हलवली, लावला म्हणून. तिनं माप लवंडलं आणि ती आत गेली.

मावशी तिथंच राहणार होती. परत जायला आम्ही दोघंच. मामा स्टेअरिंगवर बसले, किल्ली लावली, आणि शेजारच्या सीटकडं बघत राहिले. तिथं थोड्या अक्षता पडल्या होत्या. मग ते खाली उतरले आणि किल्ली माझ्यापुढं धरली.

"तुमी चालवा अक्का."

"अहो, मी शेजारी बसते ना," मी म्हटलं. "माझ्याकडंही लायसन आहे. नियमात बसतंय. चालवा तुम्हीच."

"व्हय, बसतंय. पर आता म्या डायवर न्हाय." मामांनी किल्ली तशीच पुढं धरली. "येताना डायवर व्हतो म्हून आलो. आता म्या बाप हाय. मला न्हाय यायची चालवाया."

मी किल्ली घेतली आणि फिरून स्टेअरिंगच्या बाजूला गेले. मामा डावीकडं बसले, दार ओढून घेतलं आणि त्या नव्या टॉवेलात तोंड घालून मोठ्यानं रडायला लागले. मी गाडी सुरू केली आणि आम्ही निघालो.